झाडाला पाटी लावण्याआधी: शास्त्रीय नाव ओळखायचं, तपासायचं आणि लिहायचं कसं

कॉलेजात, सोसायटीत किंवा गावच्या बागेत झाडांना पाट्या लावायचं ठरलं, की यादी करायला बसलेला माणूस सगळ्यात आधी मोबाइलवर 'कडुनिंब शास्त्रीय नाव' असं शोधतो. उत्तर लगेच मिळतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण ते 'कडुनिंब' या शब्दाचं उत्तर असतं. गेटजवळ उभ्या असलेल्या झाडाकडे अजून कुणी पाहिलेलंच नसतं. तिथे कडुनिंबासारखाच दिसणारा बकाण असला तर पाटी देखणी होते, छपाई उत्तम होते आणि नाव दुसऱ्याच झाडाचं लागतं.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी नमुना, मग ओळख, मग नावाची तपासणी आणि शेवटी लेखन. पुढे हा क्रम बऱ्याच अंशी कडुनिंबावरच करून दाखवला आहे. त्याच्या नावात नेमाचे आणि आडवळणाचे बहुतेक नियम सापडतात.

एक खुलासा आधीच केलेला बरा. इथे लॅटिन नावं देवनागरीत दिली आहेत ती वाचता यावीत म्हणून. पाटीवर, नोंदवहीत आणि लेखात शास्त्रीय नाव रोमन लिपीतच लिहायचं. देवनागरीत आणताना स्पेलिंग हरवतं, आणि शास्त्रीय नावात एका अक्षराने जात (स्पीशीज) बदलते.

गावातलं नाव कुठवर चालतं

चाफा घ्या. सोनचाफा म्हणजे मॅग्नोलिया चंपाका, कुल (फॅमिली) मॅग्नोलिएसी. देवळाजवळचा चीक असलेला पांढरा चाफा प्लुमेरिया प्रजातीतला (प्रजाती म्हणजे जीनस), कुल ॲपोसायनेसी, म्हणजे रुई-कण्हेरीच्या घरातला. हिरवा चाफा अर्टाबॉट्रिस हेक्सापेटॅलस, सीताफळाच्या कुलातला. नागचाफा मेसुआ फेरिया. भुईचाफा तर झाडच नव्हे, तो हळद-आल्याच्या कुलातला केम्फेरिया रोटुंडा. नाव एकच आणि कुलं पाच. सुगंधावरून आणि देवाला वाहण्यावरून पडलेल्या नावाला नात्यागोत्याशी कर्तव्य नसतं.

अशोकाची गत याहून वाईट आहे. सोसायटीच्या कुंपणाला सरळसोट वाढणारा हिरवा खांब 'अशोक' म्हणून विकला जातो. तो खोटा अशोक, सीताफळाच्या कुलातला. सीतेचा अशोक म्हणजे सराका असोका. त्याला केशरी-लाल फुलांचे घोस येतात आणि तो शेंगांच्या कुलात मोडतो. औषधासाठी साल हवी असलेल्याने कुठल्या झाडाला हात घालायचा, हे नुसत्या 'अशोक' या शब्दावरून ठरत नाही.

तरी गावातली नावं टाकून देऊ नका. पाटीवर ती वर आणि मोठ्या अक्षरांत हवीत, आणि एकापेक्षा जास्त असतील तर दोन-तीन द्या. फक्त शोधाची सुरुवात तिथून करू नका.

नमुना घेताना

फुलं किंवा फळं असलेली फांदी मिळेपर्यंत थांबा. नुसत्या पानांवरून ओळख होते, पण ती सराईत माणसाची. कडुनिंब साधारण मार्च ते मे फुलतो आणि पावसाच्या तोंडाशी निंबोळ्या पिकतात. एका फेरीत दोन्ही सापडत नाहीत, तेव्हा त्याच झाडाकडे दोनदा जावं लागतं. झाडाला नंबर द्यायचा तो यासाठी.

नमुना दाबायला हर्बेरियमचा (सुकवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाचा) कागद साधारण ४२ गुणिले २८ सेंमी असतो. फांदी तेवढ्यात बसेल अशी कापा. कडुनिंबाचं एकच पान २० ते ४० सेंमी लांब भरतं, म्हणून ते वाकवून घाला, पण तोडू नका. देठाचा तळ आणि पानाचं टोक दोन्ही दिसले पाहिजेत. निदान एक पान उलटं ठेवा. पानाच्या मागची लव, शिरा आणि ग्रंथी पुढून दिसत नाहीत, आणि कागदावर एकदा चिकटवल्यावर उलटून बघायची सोय उरत नाही.

जुन्या वर्तमानपत्रांच्या घडीत नमुना घालून वर-खाली टीपकागद ठेवा आणि प्रेस (नमुना दाबायच्या फळ्या) आवळा. पहिला कागद २४ तासांत बदला. पानं मऊ पडलेली असतात, तेव्हाच सुरकुत्या सरळ करून घ्यायच्या, नंतर ती मोडतात. पुढे आठवडाभर रोज कागद बदला, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. कोकणात जुलैत घेतलेले नमुने काळे पडतात किंवा त्यांना बुरशी धरते. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: कागद बदलण्याचा कंटाळा. निवडुंगासारखी किंवा शेरासारखी मांसल झाडं आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढा, नाहीतर ती प्रेसमध्येही वाढत राहतात. किडीसाठी पूर्वी मर्क्युरिक क्लोराइड लावत. ते जहाल विष आहे, घरी किंवा शाळेत त्याच्या वाटेला जाऊ नका. सुकलेला नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवला की काम भागतं.

जे सुकल्यावर नाहीसं होतं ते जागेवरच वहीत लिहा: फुलाचा रंग, वास, चीक आहे का आणि कुठल्या रंगाचा, खोडाची साल, झाडाची उंची, जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि नमुन्याचा क्रमांक. 'फूल पांढरं, मधासारखा वास' ही ओळ तेव्हा फालतू वाटते, पण सहा महिन्यांनी तपकिरी झालेल्या फुलाकडे बघताना तिचाच आधार असतो. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वन खात्याच्या परवानगीशिवाय फांदी तोडू नका. तिथे फोटो घ्या, पण नीट घ्या: पूर्ण झाड, साल, पानाची दोन्ही अंगं, फूल समोरून आणि बाजूने, फळ उभं कापून. शेजारी पट्टी ठेवा.

ओळखीची किल्ली वापरायची कशी

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत किल्ली असते. प्रत्येक पायरीवर दोन परस्परविरोधी विधानं दिलेली असतात, त्यातलं आपल्या नमुन्याला लागू पडणारं निवडायचं आणि सांगितलेल्या क्रमांकावर जायचं. महाराष्ट्रात 'निंब', 'लिंब' म्हणून ज्या झाडांची गल्लत होते, त्यांच्यापुरती छोटी किल्ली अशी:

१ क. पान दोनदा किंवा तीनदा विभागलेलं, फुलं जांभळट: बकाण, मेलिया ॲझेडराक.
१ ख. पान एकदाच विभागलेलं: २ वर जा.
२ क. पर्णिका (विभागलेल्या पानातली छोटी पानं) उजेडासमोर धरल्यावर बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, चुरडली की आमटीच्या फोडणीचा वास: कढीलिंब, बर्जेरा कोएनिगी.
२ ख. असे ठिपके नाहीत: ३ वर जा.
३ क. पर्णिका रुंद, लवदार, कडेला मोजके मोठे दाते. फळ चपटं, पंखाचं: महारुख, ऐलँथस एक्सेल्सा.
३ ख. पर्णिका गुळगुळीत, कोयत्यासारखी वाकलेली, कडेला करवतीचे बारीक दाते, तळाशी दोन्ही बाजू असमान. फळ गरदार, आत एक बी: कडुनिंब, ॲझॅडिरॅक्टा इंडिका.

किल्लीत लोक चुकतात ते बहुधा पहिल्याच पायरीवर, कारण पान कुठे संपतं आणि पर्णिका कुठे सुरू होते हे बघितलेलं नसतं. ज्याच्या बगलेत कोंब असतो ते पान. पर्णिकेच्या तळाशी कोंब नसतो. कडुनिंबाची जिला आपण 'काडी' म्हणतो, ते पर्णिकांसकट अख्खं एक पान आहे. दुसरी चूक म्हणजे एकाच पानावर विसंबणं. रोपाची, फुटव्याची आणि सावलीतली पानं नेहमीपेक्षा वेगळी येतात, म्हणून पाच-सात पानं बघून सरासरी घ्या. तिसरी चूक मनुष्यस्वभावाची: आधी उत्तर ठरवायचं आणि मग किल्लीला त्या उत्तराकडे ओढत न्यायचं. शेवटी आलेल्या नावाचं पूर्ण वर्णन नमुन्याशी ताडून बघितलं, की हे लगेच उघडं पडतं.

फोटोवरून नाव सुचवणारी ॲप्स वापरायला हरकत नाही, त्यांनी कुलापर्यंतचा शोध झटपट होतो. पण ॲपला फळाच्या आत किती बिया आहेत ते दिसत नाही. आपटा आणि कांचन यांच्या नुसत्या पानाच्या फोटोवर ॲपने दिलेलं उत्तर पाटीवर चढवणं म्हणजे दसऱ्याला कांचन ओरबाडणाऱ्यांच्या रांगेत उभं राहणं.

आपल्या भागाच्या किल्ल्यांसाठी थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ (१९०१ ते १९०८) अजून उपयोगी पडतो. त्यातली नावं जुनी झाली, वर्णनं झाली नाहीत. पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाने काढलेले महाराष्ट्र राज्याचे खंड त्यानंतरचे. शंका उरली तर नमुना घेऊन हर्बेरियममध्ये जावं. पुण्यात सर्वेक्षणाचं आणि आघारकर संशोधन संस्थेचं, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं. पूर्वपरवानगी घेऊन जायचं आणि आपला कागद तिथल्या कागदाशेजारी ठेवून बघायचा. एवढ्याने मिटत नाही असा घोळ क्वचितच असतो.

ओळखलं, आता नाव कोणतं?

ओळख आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच जातीला वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी नावं दिलेली असतात. त्यातलं आज ग्राह्य कोणतं, हे ठरवायला साधारण नियम अग्रक्रमाचा: आधी रीतसर छापलेलं नाव टिकतं. वनस्पतींसाठी हा हिशेब स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअसच्या १७५३ सालच्या 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथापासून सुरू होतो. प्राण्यांसाठी त्याच्याच 'सिस्टिमा नॅचुरी'च्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १७५८ पासून.

कडुनिंबाला लिनिअसने १७५३ मध्ये नाव दिलं ते मेलिया ॲझॅडिरॅक्टा. शेजारीच बकाणाला मेलिया ॲझेडराक. दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच फारसी शब्द आहे, 'आझाद दरख्त', आणि या जुळ्या नावांनी तेव्हापासून घोटाळे चालू आहेत. पुढे १८३०च्या सुमारास आद्रियां द ज्युसियू यांनी कडुनिंबाला मेलियातून काढून स्वतंत्र प्रजाती केली, ॲझॅडिरॅक्टा. प्रजाती बदलली की जुना दुसरा शब्द सोबत न्यायचा, हा नियम. तो इथे लावला तर नाव होतं ॲझॅडिरॅक्टा ॲझॅडिरॅक्टा. वनस्पतींच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत दोन्ही शब्द एकच असलेलं नाव चालत नाही. म्हणून ज्युसियू यांचा 'इंडिका' टिकला, आणि लिनिअसने आधी बारसं केलेलं असूनही कडुनिंबाच्या नावामागे त्याची खूण राहिली नाही.

प्राण्यांच्या नियमावलीत मात्र अशी द्विरुक्ती चालते. आपला नाग नाजा नाजा आणि चितळ ॲक्सिस ॲक्सिस.

तपासणीसाठी दोन ठिकाणं पुरेशी आहेत. इंटरनॅशनल प्लँट नेम्स इंडेक्समध्ये नाव कुणी, कुठे, कधी छापलं आणि स्पेलिंग काय, हे बघा. लंडनमधल्या क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन'वर ते नाव आज ग्राह्य आहे की दुसऱ्याचं समानार्थी, ते बघा. दोन संकेतस्थळांची मतं वेगळी निघाली तर घाबरू नका. पर्जन्यवृक्षाला कुणी समानिया सामान म्हणतात, कुणी अल्बिझिया सामान. दुसरा शब्द तोच आहे, वाद प्रजातीच्या हद्दीचा आहे. पाटीसाठी एक संदर्भ निवडा, सगळ्या झाडांना तोच वापरा आणि पाहिल्याची तारीख नोंदवहीत टाका. पाच झाडांना एक संदर्भ आणि दहा झाडांना दुसरा, असं केलं की तीच जात दोन पाट्यांवर दोन नावांनी दिसते.

समानार्थी नाव आणि चुकीने लावलेलं नाव यांतला फरक जपायला हवा. आवळ्याचं एंब्लिका ऑफिसिनॅलिस हे फिलँथस एंब्लिकाचं समानार्थी नाव, झाड तेच. पण जुन्या भारतीय पुस्तकांत सीतेच्या अशोकाला सराका इंडिका म्हटलेलं असतं. त्या नावाची जात खरोखर वेगळी आहे आणि ती आग्नेय आशियातली आहे. पहिलं नाव नुसतं जुनं, दुसरं चूक. पाटीवर कंसात 'जुनं नाव' म्हणून दुसरं छापलं, तर चूक आणखी पन्नास वर्षं टिकते.

लिहिताना

नाव दोन शब्दांचं. पहिला प्रजातीचा, त्याचं पहिलं अक्षर मोठं. दुसरा जातीचा, तो सबंध लहान अक्षरांत, मग तो देशावरून आलेला असो की माणसावरून. जुन्या ग्रंथांत माणसाच्या नावावरचा दुसरा शब्द मोठ्या अक्षराने सुरू झालेला दिसेल. ती रीत सोडून द्या. दोन्ही शब्द तिरप्या ठशात, हाताने लिहिताना अधोरेखित. सबंध नाव मोठ्या अक्षरांत छापायचा मोह पाटी रंगवणाऱ्याला होतोच. त्याला आधीच सांगून ठेवा, कारण त्यात मोठं-लहान हा फरकच नाहीसा होतो.

नुसती जात माहीत नसेल तर प्रजातीच्या नावापुढे 'एसपी.' हे संक्षेप येतं, सरळ ठशात. एकाच प्रजातीच्या अनेक जातींबद्दल बोलायचं असेल तर 'एसपीपी.'. 'प्लुमेरिया एसपी.' लिहिण्यात कमीपणा काही नाही. अंदाजाने जात ठोकून देण्यापेक्षा ते केव्हाही प्रामाणिक.

दुसरा शब्द विशेषण असेल तर तो पहिल्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. मराठी माणसाला हे समजायला कठीण जाऊ नये, आपण 'काळा घोडा, काळी घोडी, काळं घोडं' म्हणतोच. खोटा अशोक पॉलिअल्थिया प्रजातीत होता तेव्हा तो लाँगिफोलिया होता. २०१२ मध्ये तो मोनून या प्रजातीत गेला, मोनून नपुंसकलिंगी, म्हणून आता मोनून लाँगिफोलियम. वडाचं फायकस मात्र फसवं आहे. शेवट पुल्लिंगी वाटतो, पण लॅटिनमध्ये वृक्षांची नावं परंपरेने स्त्रीलिंगी, म्हणून पिंपळ फायकस रिलिजिओसा. संगणक इथे 'रिलिजिओसस' असं सुधारून देत असेल तर त्याचं ऐकू नका.

स्पेलिंग मूळ प्रकाशनात असेल तसंच ठेवायचं असतं. वडाच्या दुसऱ्या शब्दात, बेंघालेन्सिसमध्ये, 'जी'नंतर 'एच' आहे. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाच्या, जिप्स बेंगालेन्सिसच्या नावात तो नाही. दोन्ही बंगालवरूनच, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. चिंचेच्या टॅमरिंडस इंडिकामध्ये तर हिंद दोनदा आला आहे: 'तमर हिंदी', म्हणजे हिंदी खजूर, हे अरबी नाव आणि वर पुन्हा इंडिका. अर्थ कितीही गमतीदार असो, नाव सुधारायचा अधिकार कुणाला नाही.

नावामागचं माणसाचं नाव म्हणजे कर्ता, ते सरळ ठशात आणि ठरलेल्या संक्षेपात लिहितात. आंबा: मँजिफेरा इंडिका एल., हा 'एल.' म्हणजे लिनिअस. 'एल.एफ.' असेल तर त्याचा मुलगा. सागवानाचं टेक्टोना ग्रँडिस त्याचं आहे. कडुनिंबामागे 'ए.ज्युस.' लिहितात, नुसतं 'ज्युस.' नव्हे, कारण ते संक्षेप वडिलांचं, आंत्वान लोरां द ज्युसियू यांचं. कंसातलं नाव म्हणजे ज्याने जात आधी दुसऱ्या प्रजातीत किंवा दुसऱ्या दर्जावर ठेवली तो. कंसाबाहेरचं म्हणजे ज्याने तिला आजच्या जागी आणलं तो. सोनचाफा: मॅग्नोलिया चंपाका (एल.) बेल. एक्स पिएर. लिनिअसने तो मिशेलियात घातला होता, बेलाँ यांनी मॅग्नोलियात सुचवला आणि पिएर यांनी रीतसर छापला. 'एक्स'चा अर्थ एवढाच. पाटीवर कर्ता नसला तरी चालतं, नोंदवहीत मात्र हवाच. एकच नाव दोघांनी दोन वेगळ्या झाडांना दिलेलं असलं, तर कर्त्यावरूनच उलगडा होतो.

लागवडीचे वाण वेगळे. हापूस लिहायचा तर मँजिफेरा इंडिका तिरपं आणि पुढे 'अल्फान्सो' एकेरी अवतरणात, सरळ ठशात. दुहेरी अवतरण किंवा आधी 'सीव्ही.' लावायची रीत आता नाही. संकर असेल तर मध्ये गुणाकाराची खूण येते. केळी म्हणजे म्यूसा × पॅराडिसियाका. तिथे 'एक्स' हे अक्षर टाइप केलं तर वाचणाऱ्याला ते नावाचाच भाग वाटतं.

कुलापासून वर

शाळेच्या पुस्तकात शिडी येते ती सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी. वनस्पतींत संघाऐवजी विभाग. इथे मराठीतला एक खड्डा आहे. वर्तमानपत्रात 'कोळ्याची नवी प्रजाती सापडली' अशी बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा सापडलेली असते जाती; हिंदीत स्पीशीजला प्रजाती म्हणतात, त्याचा हा परिणाम. प्राणिशास्त्राच्या काही मराठी पुस्तकांत प्रजातीऐवजी 'वंश' असतो. एका कामात एकच संच वापरा.

दर्जा शब्दाच्या शेपटावरून कळतो. वनस्पतींच्या कुलाचं नाव '-एसी'ने संपतं, गणाचं '-एलीज'ने. प्राण्यांचं कुल '-इडी'ने, उपकुल '-इनी'ने. जुन्या पुस्तकांतली लेग्युमिनोसी, ग्रॅमिनी, काँपोझिटी, पामी यांसारखी आठ कुलनावं नियमावलीने अपवाद म्हणून अजून मान्य ठेवली आहेत. फॅबेसी, पोएसी, ॲस्टरेसी, ॲरेकेसी ही त्यांची नियमित रूपं. पाटीवर नियमित रूप बरं.

कुल लिहिणं ही नुसती शोभा नव्हे. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुलातले, ॲनाकार्डिएसी. बिबा उतणं, काजूच्या टरफलातल्या तेलाने कातडी सोलवटणं आणि कैरीच्या चिकाने ओठ फुटणं, या तिन्हींमागे एकाच धाटणीची रसायनं आहेत. ज्याला बिबा उततो त्याने कच्चा काजू हाताळताना जपून राहावं, हे वर्गीकरणातूनच कळतं. वांगं, टोमॅटो, मिरची, तंबाखू सोलॅनेसीत आहेत हे शेतकऱ्याला ठाऊक असलं, की तो वांग्यामागे टोमॅटो लावत नाही. रोग-किडी बऱ्याच सामाईक असतात.

पण कुलंही हलतात. सागवान जुन्या पुस्तकांत व्हर्बिनेसीत, आता तुळशीच्या लॅमिएसीत. काटेसावर बॉम्बॅकेसीतून माल्व्हेसीत, म्हणजे जास्वंदीच्या घरात. रुई ॲस्क्लेपिएडेसीतून ॲपोसायनेसीत. डीएनएच्या पुराव्यावर २०१६ साली आलेली एपीजी-चार ही मांडणी आज अनेक हर्बेरियम वापरतात. अभ्यासक्रमात जुनी बेंथम-हूकरची मांडणी असेल तर परीक्षेत ती लिहावी आणि पाटीवर आजची.

प्राण्यांच्या नावात काय वेगळं

बागेत पक्षी-फुलपाखरांचा फलक लावणार असाल, तर महाराष्ट्राची राज्य-मानचिन्हंच नमुना म्हणून घ्या. शेकरू: रटुफा इंडिका (एर्क्सलेबेन, १७७७). हरियाल: ट्रेरॉन फिनिकॉप्टेरस (लॅथम, १७९०). नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन फुलपाखरू: पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर क्रामर, १७७५. पहिल्या दोघांना कंस आहे, तिसऱ्याला नाही. एर्क्सलेबेनने शेकरू खारींच्या स्कायुरस प्रजातीत टाकली होती आणि तेव्हा ती 'इंडिकस' होती. रटुफात आल्यावर 'इंडिका' झाली. नीलवंत मात्र पहिल्या दिवसापासून पॅपिलिओतच आहे, म्हणून उघडं नाव. कंस कुणी 'व्यवस्थित दिसावं' म्हणून सगळ्यांना लावले किंवा सगळ्यांचे काढले, की ही माहिती पुसली जाते. प्राण्यांत कर्त्यापुढे स्वल्पविराम आणि साल देतात, पण जात दुसऱ्या प्रजातीत नेणाऱ्याचं नाव देत नाहीत. वनस्पतींत नेमकं उलट.

उपजातीसाठी प्राण्यांत नुसता तिसरा शब्द येतो: पँथेरा टायग्रिस टायग्रिस. वनस्पतींत दर्जा सांगावाच लागतो, उपजाती की प्रकार.

नाव बदललं म्हणून पाटी बदलायची का?

सगळ्यात जास्त ओरड बाभळीवरून झाली. २००५ मध्ये व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये अकॅशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या गटाकडे गेलं आणि २०११ ला मेलबर्नमध्ये ते कायम झालं. परिणाम असा, की आपली बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका, खैर सेनेगालिया कटेचू, आणि रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ तेवढी अकॅशिया ऑरिक्युलिफॉर्मिस राहिली. राग येणं साहजिक आहे, पण ऑस्ट्रेलियातल्या शेकडो जातींची नावं बदलण्यापेक्षा हे कमी उलथापालथीचं, असा मतदानाचा हिशेब होता.

कधी नाव बदलावंच लागतं, कारण जागा आधीच अडलेली असते. जुन्नर-शिवनेरीकडच्या कड्यांवरची शिंदळ माकडी ही वनस्पती डॅलझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने फ्रेरिया इंडिका म्हणून नोंदवली, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. पुढे तिला कॅरालुमा प्रजातीत नेलं तेव्हा तिथे आधीच एक कॅरालुमा इंडिका होती. मग हिला नवं नाव मिळालं: कॅरालुमा फ्रेरी. प्रजातीच्या नावातला गव्हर्नर जातीच्या नावात येऊन बसला. त्यानंतरही तिचं बिऱ्हाड हललं आहे.

आमचं मत असं, की ग्राह्य नाव बदललं म्हणून रंगवलेली पाटी लगेच उतरवू नये. नोंदवहीत बदल टिपा, पाटी पुन्हा रंगवायची वेळ येईल तेव्हा नवं नाव घाला आणि खाली पाच वर्षं जुनं द्या. ओळखच चुकली असेल तर मात्र त्याच दिवशी उतरवा.

किल्लीत न बसणारं काही सापडलं तर

नवी जात म्हणून उडी मारण्याआधी शेजारच्या राज्यांच्या किल्ल्या आणि पळून रुजलेल्या बागेतल्या झाडांच्या याद्या बघा. शंभरात नव्याण्णव वेळा उत्तर तिथे असतं. खरंच नवीन असेल तर वर्णन किंवा इतर जातींपासूनचं वेगळेपण सांगणारा मजकूर लॅटिनमध्ये नाहीतर इंग्रजीत हवा, एकच नमुना आदर्श म्हणून नेमून तो हर्बेरियममध्ये ठेवायचा आणि हे सगळं रीतसर प्रकाशित व्हायला हवं. २०१२ पासून आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेल्या प्रकाशनातली ऑनलाइन पीडीएफही चालते. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती नेमलेल्या संस्थेला कळवून तिथे नमुना द्यावा लागतो. सह्याद्रीच्या सड्यांवरच्या (खडकाळ पठारांवरच्या) डबक्यांतला वायतुरा, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, १९८२ मध्ये असाच नोंदला गेला. साताऱ्याचं नाव लागलं ते नमुना तिथला म्हणून.

पाटी

कडुनिंबाची पाटी अखेर अशी होते. पहिली ओळ: कडुनिंब, बाळंतनिंब. दुसरी, रोमन तिरप्या ठशात: ॲझॅडिरॅक्टा इंडिका, मागे सरळ ठशात ए.ज्युस. तिसरी: कुल मेलिएसी. चौथीत फुलोऱ्याचा काळ आणि झाडाचा क्रमांक. रंगवायला देण्याआधी शास्त्रीय नाव हाताने उतरवू नका. तपासलेल्या पानावरून थेट कॉपी करा, आणि रंगून आल्यावर ते शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे वाचा. डोळे सवयीने चूक गिळतात, उलटं वाचताना गिळत नाहीत.

पाटी खिळ्याने ठोकू नका आणि तारेने आवळूही नका. खोड जाड होत जातं तशी तार सालीत रुतते आणि अन्न वाहून नेणारा थरच कापते. स्प्रिंग लावलेली सैल दोरी किंवा बुंध्यापासून हातभर अंतरावर खांब, दोन्ही चालतं. तोच क्रमांक नोंदवहीत, तोच नमुन्याच्या कागदावर.